पांडवलेण्याजवळचा गूसक्रीकाइट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकातल्या दख्खनच्या झिओलाइटवरच्या लेखात एक ओळ होती: नाशिकच्या पांडवलेणी डोंगराजवळच्या दगडखाणींत गूसक्रीकाइट हा दुर्मीळ झिओलाइट मिळालेला आहे. सगळ्यात जास्त प्रश्न त्या एका ओळीवर आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न: नाशिकच्या दगडाला हे परकं नाव कसं? आणि 'झिओलाइट' म्हणजे नेमकं काय? वर्गात मुलांना सोप्या शब्दांत सांगायचं आहे.
(शिक्षिका, नाशिक रोड)

खनिज जिथल्या नमुन्यावरून पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने वर्णिलं जातं, तिथलं नाव बहुधा त्याला चिकटतं. गूसक्रीकाइटचं वर्णन १९८० साली झालं ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या गूस क्रीक नावाच्या दगडखाणीतल्या नमुन्यावरून. तिथला नमुना तसा बेताचाच होता. संग्रहालयात मांडावेत असे, डोळ्यांनी सहज दिसणारे मोठे स्फटिक पुढे मिळाले ते नाशिकला. नाव व्हर्जिनियाचं असलं तरी जगभरचे संग्राहक या खनिजासाठी नाशिककडेच बघतात, हे मुलांना जरूर सांगा.

'झिओलाइट' हा शब्द १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने दिला. ग्रीक भाषेत 'झेओ' म्हणजे उकळणं, 'लिथॉस' म्हणजे दगड. तापवल्यावर हा दगड फसफसला, म्हणून हे नाव. ती वाफ दगडाच्या आतल्या पाण्याची. झिओलाइटच्या आत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची एक मजबूत जाळी असते. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की जाळीवर ऋण भार येतो. तो भागवायला कॅल्शियम, सोडियम असे धन भाराचे कण जाळीतल्या बोळांमध्ये राहतात आणि त्यांच्या भोवती पाण्याचे रेणू असतात. भिंती पक्क्या, आतले रहिवासी मात्र येणारे-जाणारे. बेताची उष्णता दिली तर पाणी निघून जातं आणि जाळी शाबूत राहते; दमट हवेत ठेवलं की पाणी परत आत शिरतं. जिप्सममध्ये हे असं होत नाही.

गूसक्रीकाइटमध्ये कॅल्शियमच्या १ अणूमागे ॲल्युमिनियमचे २, सिलिकॉनचे ६, जाळीतल्या ऑक्सिजनचे १६ अणू आणि पाण्याचे ५ रेणू असतात. त्याचे बोळ तिन्ही दिशांनी जातात आणि एकमेकांना मिळतात. त्यांची तोंडं जेमतेम २.७ ते ४.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे पाण्याचा रेणू अंग चोरून जाईल एवढीच. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.)

प्रश्न: विक्रेत्याने 'गूसक्रीकाइट' म्हणून दिलेला नमुना मी एक्सआरएफ यंत्रावर तपासून घेतला. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम तिन्ही बरोबर प्रमाणात आले. आता खात्री धरायला हरकत नाही ना?
(संग्राहक, सिन्नर)

हरकत आहे. एक्सआरएफ मूलद्रव्यं मोजतं, जाळीची रचना त्याला दिसत नाही. आणि गूसक्रीकाइटचं सगळं वेगळेपण त्या रचनेतच आहे.

आकडेच बघा. गूसक्रीकाइटमध्ये वजनाने सिलिका (सिलिकॉनचा ऑक्साइड) सुमारे ५९.२ टक्के, ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) १६.८, कॅल्शियम ऑक्साइड ९.२ आणि पाणी १४.८ टक्के. त्याचा नातेवाईक एपिस्टिल्बाइट घेतला तर तेच आकडे ५८.७, १६.६, ९.१ आणि १५.६. पाणी यंत्राला दिसत नाही. ते वगळून उरलेल्याचे शंभर टक्के केले की दोघांचेही आकडे ६९.५, १९.७ आणि १०.८ असे हुबेहूब सारखे येतात. युगावारालाइट नावाचा तिसरा झिओलाइट आहे, त्याचेही हेच. एवढंच नाही, तर आपल्याकडे ढिगाने मिळणाऱ्या ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइटमध्येही सिलिकॉन-ॲल्युमिनियमचं प्रमाण साधारण ३ ला १ असंच असतं. त्यांत थोडं सोडियम जास्त येतं, इतकंच. म्हणजे तुमच्या अहवालाने नमुना कॅल्शियमचा, सिलिका-बहुल झिओलाइट असल्याचं सांगितलं. यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

खात्री हवी असेल तर एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन. त्याच्या आलेखावर जाळीच्या रचनेनुसार ठरावीक जागी शिखरं उमटतात. विद्यापीठांच्या भूविज्ञान आणि भौतिकशास्त्र विभागांत ही सोय असते. नमुना देताना पुढची काळजी घ्या, कारण चुका इथेच होतात.

मागच्या बाजूचा, दर्शनी नसलेला तुकडा काढा. स्वच्छ स्फटिकाचे १०० मिलिग्रॅम पुरतात. भिंगाखाली तपासून त्याला चिकटलेलं क्वार्ट्झ आणि कॅल्साइट बाजूला करा. अगेटच्या खलात हलक्या हाताने, थोडं अल्कोहोल घालून घोटा. कोरडं आणि जोर लावून खलत बसलात तर जाळीच मोडते आणि आलेखावरची शिखरं पसरट होतात. भुकटी ओव्हनमध्ये वाळवू नका. ११० अंशांवर वाळवायची प्रयोगशाळांना सवय असते, पण त्या तापमानाला झिओलाइटमधलं काही पाणी निघून जातं, जाळी किंचित आकसते आणि शिखरं जागेवरून सरकतात. मग अहवालात भलतंच नाव येतं. भुकटी खोलीतल्या हवेतच वाळू द्या आणि तसं स्पष्ट लिहून द्या.

आणखी एक अडचण. गूसक्रीकाइट एका दिशेने अगदी स्वच्छ फुटतो, त्यामुळे भुकटीतले कण चपटे होतात आणि साच्यात दाबले की सगळे एकाच अंगावर निजतात. काही शिखरं फुगतात, काही गायब होतात. भुकटी वरून न दाबता साच्यात बाजूने भरायला सांगा, आणि जुळणी शिखरांच्या उंचीवरून न करता जागेवरून करायला सांगा. गूसक्रीकाइटच्या एकक कोशाची (जाळीत पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याची) मापं ७.४०, १७.४४ आणि ७.२९ अँगस्ट्रॉम, कोन १०५.४ अंश. अहवालात एकक कोश काढून मागा आणि या आकड्यांशी ताडून बघा.

नमुना फोडायचाच नसेल तर रामन वर्णपट (लेझरचा प्रकाश टाकून खनिज ओळखण्याची पद्धत) हा पर्याय आहे. मात्र लेझरची शक्ती कमी ठेवायला सांगा, नाहीतर तो बिंदू तापून पाणी सोडतो.

प्रश्न: प्रयोगशाळेत जाण्याआधी घरी काय बघता येईल?
(निवृत्त अभियंता, पुणे)

घरच्या चाचण्यांनी गूसक्रीकाइट सिद्ध होत नाही, पण 'हा तो नव्हे' हे बऱ्याचदा कळतं. तेवढ्याने प्रयोगशाळेचा खर्च वाचतो.

आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आकार बघा. नाशिकचा गूसक्रीकाइट रंगहीन ते दुधी पांढरा असतो आणि त्याचे स्फटिक बाकदार असतात. सपाट फळीऐवजी पोट आलेली, एकावर एक सरकवून रचल्यासारखी वळलेली अंगं दिसतात. फुटलेल्या सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक असते, बाकी अंगावर काचेसारखी चमक. बैठक बहुधा क्वार्ट्झची असते. ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीच्या आकाराचे, मध्ये रुंद. स्टिल्बाइट म्हणजे मध्ये आवळलेली पेंढी. एपिस्टिल्बाइट बहुधा जुळ्या स्फटिकांत येतो आणि त्याच्या कडा सरळ असतात. पण स्टिल्बाइटही कधी कधी बाकदार होतो, म्हणून केवळ बाकावर भरवसा ठेवू नका.

कॅल्साइट वगळायला व्हिनेगर. एका कणाची भुकटी करून त्यावर थेंब टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट. अख्ख्या स्फटिकावर टाकू नका, कारण झिओलाइटवर कधी कधी कॅल्साइटचं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर असतं आणि फसफस त्याची असते. क्वार्ट्झ वगळायला चाकू. गूसक्रीकाइटचा कठीणपणा ४.५, चाकूच्या पोलादाने ओरखडा उठतो. क्वार्ट्झवर उठत नाही.

घनता काढायला दागिन्यांचा ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. नमुन्याचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नमुना बारीक धाग्याने पेल्यात लोंबता सोडा, तळाला किंवा काठाला टेकता कामा नये. आता काटा दाखवील ते नमुन्याचं घनफळ, घनसेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन ११.०० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ५.०० आला, तर घनता २.२०. गूसक्रीकाइट या २.२ च्या आसपास येतो, क्वार्ट्झ २.६५, कॅल्साइट २.७१. पाणी आधी उकळून गार केलेलं घ्या आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर स्फटिकांच्या फटीत हवेचे बुडबुडे अडकून घनता कमी येते. खाली बेसाल्टचा तुकडा चिकटलेला असेल तर ती जास्त येते आणि चाचणी फुकट जाते. एक ग्रॅमहून लहान तुकड्यावर हे करू नका; काट्याच्या चुकीनेच निकाल बिघडतो.

शेवटची चाचणी कण नष्ट करते. तांदळाच्या दाण्याएवढा कण कोरड्या परीक्षानळीत टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवा, नळी किंचित आडवी धरून. वरच्या गार काचेवर दव धरलं तर खनिजात पाणी आहे. अपेक्षा माफक ठेवा. २० मिलिग्रॅमच्या कणात सुमारे ३ मिलिग्रॅम पाणी, त्यामुळे थेंब न ओघळता नुसतं धुकं धरतं. अपोफिलाइटही पाणी सोडतो आणि तो झिओलाइट नाही, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न: घटक तेच असताना कधी ह्यूलँडाइट, कधी एपिस्टिल्बाइट आणि क्वचितच गूसक्रीकाइट, असं का? आणि हे तयार झाले कधी, लाव्हा थंड होतानाच का?
(भूविज्ञानाचा विद्यार्थी, संगमनेर)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण गैरसमज तिथे आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला. वितळलेल्या खडकातून निघणारे वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकले आणि पोकळ्या राहिल्या. झिओलाइट त्या लाव्ह्यातून गोठलेले नाहीत. खडक घट्ट झाल्यावर पावसाचं आणि जमिनीतलं पाणी भेगांतून मुरलं, खाली तापलं, बेसाल्टमधली काच आणि कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार विरघळवत हिंडलं आणि पोकळीत पोचल्यावर त्याने आपलं ओझं उतरवलं. हे एका दमात झालेलं नाही. झिओलाइटच्या सोबतीला वाढलेल्या अपोफिलाइटची वयं मोजली, तेव्हा काही नमुने २ कोटी वर्षांच्या आसपासचे निघाले. खडकाहून चार कोटी वर्षांहून अधिक तरुण!

पोकळी कापून पाहिली तर क्रम वाचता येतो. भिंतीला लागून हिरवट चिकणमातीचं अस्तर, त्यावर कॅल्सेडनी किंवा क्वार्ट्झ, मग झिओलाइट, आणि बहुधा उशिरा अपोफिलाइट आणि कॅल्साइट. जो ज्याच्यावर बसला तो त्याच्यानंतरचा. गूसक्रीकाइट क्वार्ट्झवर बसलेला मिळतो. म्हणजे आधी पाण्यात सिलिका इतकी होती की ती मोकळी साचली.

आता दुर्मीळपणा. सिलिका, ॲल्युमिना आणि कॅल्शियम तेच असले तरी कोणती जाळी विणली जाईल हे तापमान, पाण्यातली सिलिका, सोडियम-पोटॅशियमची भेसळ आणि वाढीचा वेग यांवर ठरतं. पाण्यात थोडं सोडियम आलं की स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट पुढे सरसावतात. गूसक्रीकाइटच्या जाळीला जवळजवळ निव्वळ कॅल्शियमच लागतं आणि तिचे ४.७ अँगस्ट्रॉमपर्यंतचे अरुंद बोळ फारशी तडजोड करत नाहीत. याच साहित्यातून होणारे दुसरे झिओलाइट सोप्या वाटेने तयार होतात. त्यामुळे एकाच खाणीत स्टिल्बाइट टोपल्यांनी निघतो आणि गूसक्रीकाइट एखाद्याच पोकळीत. म्हणून तर त्या पोकळीतल्या थरांचा क्रम नोंदून ठेवणं स्फटिक उचलण्याइतकंच मोलाचं आहे. सुटा स्फटिक कपाटात राहील, पण तो कशानंतर आणि कशाआधी वाढला हे कायमचं पुसलं जाईल.

प्रश्न: मुंबईच्या युगावारालाइटचा उल्लेख वाचला. तो अजून मिळतो का?
(वाचक, कांदिवली)

युगावारालाइटचं पहिलं वर्णन १९५२ साली झालं, जपानच्या कानागावा प्रांतातल्या युगावारा या गरम झऱ्यांच्या गावातल्या नमुन्यावरून. गूसक्रीकाइटसारखेच घटक, फक्त पाण्याचे रेणू ५ ऐवजी ४ आणि जाळी निराळी. तुमच्या कांदिवलीच्या खाणीतून त्याचे पारदर्शक, चपटे, उत्तम स्फटिक निघाले आणि जगभरच्या संग्रहालयांत गेले. आता खाणीच्या जागी वस्ती आहे; तिथे शोधायला जाऊ नका, जुन्या संग्रहांतच बघा. झिओलाइट बघायचेच असतील तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय तुम्हाला एका दिवसात करता येईल.

प्रश्न: नमुन्यावर गंजाचे तांबूस डाग होते. कुणीतरी ऑक्झॅलिक आम्ल सांगितलं. डाग गेले, पण आता सगळ्यावर पांढरी, मळकट साय आली आहे. घासून जात नाही.
(संग्राहक, जळगाव)

ती साय कॅल्शियम ऑक्झलेटची आहे. ऑक्झॅलिक आम्ल लोखंडाचा गंज काढतं खरं, पण कॅल्शियम दिसला की त्याच्याशी जुळून पाण्यात न विरघळणारा पांढरा क्षार बनवतं. क्वार्ट्झवर ते चालतं. कॅल्शियमच्या झिओलाइटवर, अपोफिलाइटवर आणि कॅल्साइटवर कधीच वापरू नका. आता साय काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल लावाल तर ती विरघळेल, पण आम्ल झिओलाइटच्या जाळीतून कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमही ओढून घेईल आणि चमक कायमची जाईल. मऊ ब्रशने ऊर्ध्वपातित पाण्यात जेवढी निघेल तेवढी काढा आणि थांबा.

पुढच्या वेळेसाठी: साध्या स्टिल्बाइटवरच्या गंजाला १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ७१ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि ८.५ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. वापरायच्या वेळी दर ५० मिलिलिटरला १ ग्रॅम सोडियम डायथायोनाइट घाला. झाकण असलेल्या डब्यात, पण डबा उघड्यावर ठेवून करा. गंधकाचा उग्र वायू सुटतो. गंज करडा-काळपट दिसू लागला तर घाबरू नका, नव्या द्रावणात पुन्हा ठेवा. काही तासांनी काढून ऊर्ध्वपातित पाणी बदलत दोन दिवस भिजवा. सायट्रेट कॅल्शियमही धरतं, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर बघा आणि रात्रभर विसरू नका. गूसक्रीकाइटवर मात्र आमचा सल्ला एकच: कोमट पाणी, मऊ ब्रश, बस्स. अल्ट्रासॉनिक यंत्र तर नकोच. एका दिशेने सहज फुटणारा स्फटिक त्या थरथरीत पापुद्र्यांनी सुटतो.

पोकळीत लॉमोंटाइट हा दुसरा झिओलाइट सोबत असेल तर नमुना उन्हात आणि एसीच्या झोतात ठेवू नका. तो कोरड्या हवेत पाणी सोडतो आणि काही आठवड्यांत खडूसारखा भुगा होऊन खाली सांडतो, वर बसलेल्या स्फटिकाला घेऊन.

प्रश्न: पोकळी उघडली की कामगार छिन्नीने स्फटिकच उचकटतात. काय सांगावं त्यांना?
(क्रशरमालक, नाशिक तालुका)

स्फटिकाला हात लावू नका, खडक तोडा. सुरुंगानंतर मुकादमाने कडा तपासून मोकळी केल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही, ही पहिली अट. मग पोकळीच्या कडेपासून १० ते १५ सेंटिमीटर लांब छिन्नी लावून भोवताली खाच पाडत जा. खाच पुरी झाली की पाठीमागून पाचर मारा, म्हणजे तुकडा अख्खा सुटतो. उचलण्याआधी 'वरची बाजू' खुणेने दाखवा. पोकळीचा एक फोटो काढा. टिश्यूचा थर, त्यावर वर्तमानपत्र, आणि आत चिठ्ठी: खाण, तारीख, जमिनीपासून किती खोल, कशावर बसलेला. कापूस वापरू नका, तो बाकदार कडांत अडकतो आणि काढताना टोकं मोडतात. आणि लेणी हे संरक्षित स्मारक आहे. तिथल्या कातळाला, पायथ्याच्या सुट्या दगडांनासुद्धा, कुणी हात लावू नये.

प्रश्न: हा झिओलाइट फिशटँकमध्ये टाकला तर पाणी स्वच्छ होईल का? बाजारात 'झिओलाइट' पुड्यांत मिळतं.
(वाचक, ठाणे)

नको. पुडीत असतो तो बहुतेकदा क्लिनोप्टिलोलाइट, हा वेगळा झिओलाइट. तो अमोनिया धरतो आणि मिठाच्या पाण्यात भिजवला की सोडतो, म्हणून पुन्हा वापरता येतो. पण त्यामुळेच तो खाऱ्या पाण्याच्या टाकीत काम करत नाही. गूसक्रीकाइटचे बोळ अरुंद आणि आतलं कॅल्शियम घट्ट बसलेलं. दुर्मीळ स्फटिक वाया जाईल, माशांना काही लाभ नाही.

प्रश्न: आम्ही झिओलाइटचे नमुने कापून, घासून विकतो. धुळीचा धोका आहे का?
(पॉलिश कारागीर, छत्रपती संभाजीनगर)

आहे, आणि दोन प्रकारचा. बैठकीतल्या क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात सिलिकोसिस करते, हा रोजचा धोका. दुसरा तंतुमय झिओलाइटचा. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या काही खेड्यांत एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटच्या धुळीमुळे मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात झाला. गूसक्रीकाइट तंतुमय नाही. पण एकाच पोकळीत कापसासारखे, केसासारखे तंतू असलेलं दुसरं खनिज असू शकतं, आणि ते कोणतं हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून असा तंतुमय भाग कापूच नका. बाकीचं कापताना पात्यावर पाण्याची धार चालू ठेवा, एन९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवा, दाढी असेल तर तो बसत नाही. काम संपल्यावर झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि गाळ सुकण्याआधी पिशवीत भरून बंद करा. कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नका, तिथेच भिजवा.